सोसायटीच्या बागेचं कंत्राट देताय? या चुका टाळा

मुंबईत सोसायटीच्या बागेचं काम निघालं की कमिटीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "स्क्वेअर फुटाला काय घेता?" तिघे तीन दर सांगतात, सगळ्यात कमी दरवाल्याला काम मिळतं आणि पुढच्या पावसाळ्यात पोडियमखालच्या, म्हणजे पार्किंगवरच्या बागेच्या स्लॅबखालच्या, गाड्यांवर पाणी ठिबकायला लागतं. बागेत झाडं हा तुलनेने स्वस्त भाग असतो. खरा पैसा मुरतो तो मातीखालच्या कामात आणि कोटेशनमध्ये न लिहिलेल्या गोष्टींत.

दर विचारला, पण कशाचा?

एकाच्या दरात सहा इंच माती असते, दुसऱ्याच्या तीन. एक जण राडारोडा उचलून नेणार असतो, दुसरा तो गेटजवळ ठेवून जाणार असतो. म्हणून एकगठ्ठा दर घेऊच नका. माती, खत, रोपं, लॉन, पाण्याची लाइन, माल वर चढवण्याची मजुरी आणि राडारोडा, हे सगळं वेगवेगळ्या ओळींत मागा. मुंबईत माल चढवणं हा लहान आकडा नाही. माती लिफ्टमधून न्यायला सभासद परवानगी देत नाहीत, मग ती जिन्याने डोक्यावरून जाते आणि ती मजुरी शेवटी "एक्स्ट्रा" म्हणून बिलात येते.

मातीचा हिशेब ब्रासमध्ये होतो आणि एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. 1,000 चौरस फुटांवर अर्धा फूट माती हवी असेल, तर 500 घनफूट म्हणजे 5 ब्रास लागतात. भुसभुशीत माती पहिल्या पावसात बसते, तेव्हा थोडी जास्तच धरा. ट्रक आला की कमिटीतल्या एकाने टेप घेऊन खाली उतरावं, हौद्याची लांबी, रुंदी आणि मातीची उंची मोजावी. उंची मधल्या ढिगावर नको, कडेला मोजा. लाल मातीचं उत्खनन आणि वाहतूक गौण खनिजाच्या नियमांत येते, म्हणून रॉयल्टीची, म्हणजे सरकारला भरलेल्या शुल्काची, पावती मागा आणि फाइलला लावा.

रोपांचंही तसंच आहे. "पाच फुटी सोनचाफा, 20 नग" एवढ्याने काहीच ठरत नाही. नर्सरीत भाव पिशवीच्या मापावर ठरतो. दाटीत वाढून उंच झालेला, काडीसारख्या खोडाचा लहान पिशवीतला चाफा आणि 21 बाय 21 इंचांच्या पिशवीत मुरलेला चाफा, दोघेही पाच फूट असतात, पण किमतीत मोठा फरक असतो. कोटेशनमध्ये उंची, पिशवीचं माप आणि खोडाची जाडी, तिन्ही लिहून घ्या. माल उतरताना एखादं रोप खोडाला धरून हलकेच वर उचलून पाहा. पिशवीसकट उचललं गेलं तर मुळं धरलेली आहेत. खोड मातीतून सुटून वर यायला लागलं, तर ते नुकतंच लहान पिशवीतून मोठीत बसवलं आहे आणि तुम्ही मोठ्या पिशवीचे पैसे देताय. असा माल तिथल्या तिथे परत करा.

"लायसन्स आहे का?" हा अपुरा प्रश्न

बागेचं कंत्राट घेण्यासाठी सरकारी लायसन्स असा वेगळा प्रकार आपल्याकडे नाही. त्यामुळे कुणी "लायसन्स्ड लँडस्केपर" म्हणून कार्ड दिलं, तर कशाचं ते विचारा. गुमास्ता (दुकान-आस्थापना नोंदणी), पॅन, जीएसटी नोंदणी आणि कामगारांचा अपघात विमा, एवढे कागद पाहा. विमा सगळ्यात महत्त्वाचा आहे. नारळ उतरवताना माणूस पडला तर कंत्राटदाराचा फोन बंद येतो आणि पोलीस सेक्रेटरीला बोलावतात. स्वतःला आर्किटेक्ट म्हणवणाऱ्याचं नाव मात्र 1972 च्या कायद्यानुसार काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या नोंदवहीत असलं पाहिजे. तो नंबर मागायला संकोच कसला?

विचारल्याशिवाय झाडाला कुऱ्हाड

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. "ते बदामाचं झाड मध्ये येतंय, रविवारी काढून टाकू" असं कंत्राटदार सहज बोलून जातो. महाराष्ट्रात 1975 पासून नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. झाड सोसायटीच्या आवारातलं असलं तरी ते तोडायला किंवा दुसरीकडे लावायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि छाटणीसाठी वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागाची. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आहे. गुन्हा दाखल होतो तेव्हा "कंत्राटदाराने केलं" म्हणून कमिटीची सुटका होत नाही. खासगी आवारातल्या धोकादायक फांद्या उतरवण्याची जबाबदारी आणि खर्च सोसायटीचाच असतो, त्यामुळे पावसाळ्याच्या बरंच आधी अर्ज द्या.

झाड न तोडताही मारता येतं. पेव्हर ब्लॉक बुंध्यापर्यंत भिडवले की मुळांना हवा-पाणी मिळत नाही आणि दोन-चार वर्षांत वादळी वाऱ्यात ते उन्मळतं. बुंध्याभोवती किमान एक मीटर माती मोकळी सोडायला सांगा.

गच्ची आणि पोडियम: वजन आधी, हिरवळ नंतर

ओली माती घनफुटाला साधारण 45 ते 55 किलो भरते. म्हणजे फूटभर जाडीची माती चौरस मीटरला जवळजवळ 500 किलो किंवा त्याहून जास्त. लोकांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात वापराचा भार धरतात चौरस मीटरला 150 किलो. हा फरक डोळ्यांसमोर ठेवा. पोडियम बहुधा बागेचं वजन धरून बांधलेला असतो, जुन्या इमारतीची गच्ची तशी नसते. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आल्याशिवाय एक घमेलंही वर चढवू देऊ नका. 30 वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट तसंही बंधनकारक आहे, ते आधी उरका. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळलेलं हलकं मिश्रण वापरा आणि मोठ्या कुंड्या बीम-कॉलमच्या वर ठेवा.

वॉटरप्रूफिंग झालं की किमान 48 तास पाणी कोंडून ठेवा आणि खालच्या छताचे फोटो काढा. मग त्यावर संरक्षक थर, पाण्याच्या निचऱ्यासाठी ड्रेन सेल (पोकळ प्लास्टिकची जाळी), माती अडवून पाणी जाऊ देणारं जिओटेक्स्टाइल कापड आणि शेवटी माती. मुंबईत चार महिन्यांत 2,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पैसे वाचवायला ड्रेन सेल गाळणारा कंत्राटदार तुमच्या पार्किंगचं नुकसान विकत देतोय.

मे महिन्यात धावाधाव

पावसाआधी सगळ्यांनाच बाग हवी असते. त्याच सुमाराला नव्या टॉवरचे पोडियम पूर्ण करायची बिल्डरांचीही घाई असते, आणि चांगली माणसं तिकडे जातात. छोट्या सोसायटीला उरलेली टोळी मिळते, तीही चढ्या दराने. काम जानेवारी-फेब्रुवारीत ठरवा, बांधकाम उन्हाळ्यात संपवा, रोपं पहिला चांगला पाऊस झाल्यावर लावा. टॉवरच्या सावलीत, जिथे चार-पाच तासही ऊन नाही, तिथे लॉनचा हट्ट सोडा. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उंडी, करंज, कण्हेर तग धरतात.

बिल आणि पैसे

जिवंत रोपांवर जीएसटी नाही, बाग करून देण्याच्या कामावर 18 टक्के आहे. एकत्र कंत्राट दिलं की कर सगळ्यावर लागतो. रोपं सोसायटीने थेट नर्सरीतून घेतली तर तेवढा कर वाचतो, पण मग मेलेल्या रोपांच्या नांग्या भरून द्यायला, म्हणजे त्यांच्या जागी नवी रोपं लावायला, कंत्राटदार बांधील राहत नाही. मोठं काम असेल तर माझं मत एकत्र कंत्राटाच्या बाजूने आहे, कारण जबाबदारी एका माणसावर राहते. एका बिलाची रक्कम 30,000 च्या वर किंवा वर्षाची 1 लाखाच्या वर गेली तर टीडीएस कापा: व्यक्तीला 1 टक्का, फर्म किंवा कंपनीला 2 टक्के.

निम्म्याहून जास्त आगाऊ कधीच देऊ नका. शेवटचे 10 टक्के पावसाळा संपल्यावर, जगलेली रोपं मोजून द्या. महिन्याच्या देखभालीच्या करारात माळी आठवड्यातून किती दिवस, किती तास येणार, खत कोण आणणार, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि कारंज्याचं पाणी कोण रिकामं करणार, हे लिहून घ्या. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या सापडल्या तर पालिकेची नोटीस माळ्याला नाही, सोसायटीला येते.