चढावर गाडी तापली तर
उन्हाळ्यात डोंगराच्या पायथ्याला राहणाऱ्या मित्राकडे गाडीने जाताय ना, मग घरून निघायच्या आधीच टायरची हवा चेक करा, टायर थंड असताना, कारण गाडी पळाली की प्रेशर वाढलेलं दिसतं आणि आपण उगाच हवा काढून बसतो. चढावर टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला तर एसी बंद, हीटर फुल आणि काचा खाली, घामाघूम व्हाल पण इंजिनची उष्णता बाहेर पडते. तरीही काटा उतरेना तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडायचं नाही, उकळतं पाणी थेट अंगावर उडतं. उताराला सारखा ब्रेक दाबू नका, खालचा गिअर टाका. मित्राचं लोकेशन मागवून मॅप ऑफलाइन करून ठेवा, रेंजचा काही भरवसा नसतो.