जिवंत स्फॅग्नम मागवताय? आधी पाण्याचं बघा

ट्रे, कात्री, स्प्रेची बाटली हे ऐन वेळीही मिळतं. पाणी मिळत नाही. म्हणून ऑर्डर द्यायच्या आधी पाण्याची सोय, तीही थेट मे महिन्यापर्यंतची.

स्फॅग्नम म्हणजे एक प्रकारचं मॉस, शेवाळासारखी वनस्पती. त्याला मुळं नसतात. ते अंगानेच पाणी शोषतं आणि त्यातले क्षार अंगातच साठत जातात. नळाच्या पाण्याने ते दुसऱ्या दिवशी मरत नाही, खरी गोम तिथेच आहे. काही आठवडे हिरवंगार दिसतं, आपण खूश. मग शेंडे तपकिरी पडायला लागतात आणि तेव्हा पाणी बदलून फारसा उपयोग नसतो. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांत येतो, तो घ्या. आकडा 50 पीपीएमच्या खाली हवा. बोअरचं नको, टँकरचं नको. उकळून-गाळूनही नको.

'आमच्याकडे आरओ आहे' असं म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचा. बऱ्याच घरगुती मशिनांत चवीसाठी थोडं साधं पाणी परत मिसळतात, नाहीतर मिनरलचं कार्ट्रिज बसवलेलं असतं. गेल्या खेपेला माझा ट्रे यातच गेला. तोटीखाली ग्लास धरा, मीटर बुडवा, आकडा बघा. मेंब्रेन बदललं की पुन्हा बघा. मेकॅनिक येऊन गेला की पुन्हा बघा.

सगळ्यात चांगलं पावसाचं पाणी. पहिल्या सरी सोडून द्यायच्या. स्लॅबवरून वाहून आलेलं घेऊ नका, त्यात सिमेंटचा चुना उतरतो. प्लास्टिक ताणून थेट ड्रममध्ये धरा. ड्रमला घट्ट झाकण, नाहीतर डासांची पैदास होईल. एसीचं पाणी अडीनडीला चालतं, पण बंद असलेला एसी सुरू केल्यावर सुरुवातीचं पाणी फेका, त्यात कॉइलची सगळी घाण असते. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणीही चालतं. मात्र त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही मिळतं, तेव्हा कॅनवरचं लेबल वाचूनच पैसे द्या.

पाणी साठलं? मोजलं? आता खरेदी.

डिसेंबर-जानेवारीत मागवा. उन्हाळ्यात कुरिअरच्या गाडीत मॉस शिजतं. सोमवारी पाठवायला सांगा, म्हणजे पार्सल रविवारी गोडाऊनमध्ये पडून राहणार नाही. ऑर्किडसाठी मिळणारं चिली किंवा न्यूझीलंडचं पिवळट, दाबून भरलेलं मॉस वाळवलेलं असतं. त्याला कोणी 'लाइव्ह' म्हणालं तर पुढे जा. विक्रेत्याकडून आजचा फोटो मागा. प्रत्येक काडीच्या टोकाला चांदणीसारखा दाट गुच्छ दिसला पाहिजे. लालसर रंगाला घाबरू नका, काही जाती उन्हात लाल होतात. आणि घाटातल्या कड्यावरचं ओरबाडून आणू नका. ते बहुतेक वेळा स्फॅग्नम नसतंच, आणि घरी आणलं की मरतं.

पार्सल आल्या आल्या उघडा. हातमोजे घाला, हाताला कापलं-खरचटलं असेल तर नक्कीच. या मॉसमधून स्पोरोट्रायकोसिस नावाचा त्वचेचा बुरशीजन्य आजार होऊ शकतो. गोगलगायी, गवताचे कोंब निवडून टाका.

भांडं प्लास्टिकचं. मातीची कुंडी नको, सिमेंटची तर नकोच, दोन्हींतून क्षार येतात (पुन्हा पाण्याचीच भानगड). खाली वाळवलेल्या स्फॅग्नमचा थर. कोकोपीट नको, त्यात मीठ असू शकतं. खत अजिबात नाही, 'थोडंसं' पण नाही. शेंड्याकडचे दोन-तीन इंचांचे तुकडे वर तोंड करून दाटीने लावा, हलकेच दाबा. पाण्याची पातळी शेंड्यांच्या खाली, शेंडे बुडता कामा नयेत. हे पाणी कोणतं, ते आता सांगत नाही.

सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली. सुरुवातीला पारदर्शक झाकण, रोज थोडा वेळ उघडून. मे महिन्यात घरातल्या सगळ्यात गार खिडकीत. हिरवा बुळबुळीत थर दिसला की तेवढा भाग काढून फेका. वाढलं की शेंडे छाटून दुसऱ्या ट्रेत लावा, उरलेल्या काड्यांना बाजूने फुटवे येतात. कीटकभक्षी झाडं लावायची असतील तर मॉस आधी धरू द्या. आणि ती दवबिंदू (ड्रोसेरा) या झाडासारखी बुटकी असतील तर मॉस छाटत राहा, नाहीतर ते त्यांच्या डोक्यावरून वाढतं.