एमएस्सी केमिस्ट्री करून समुद्रावर काम करायचं असेल तर

बरेच जण विचारतात की समुद्रावर रिसर्च करायचा तर मरीन बायोलॉजीच घ्यावं लागतं का. अजिबात नाही. मी साधी एमएस्सी केमिस्ट्रीवाली, आणि माझं तर मत आहे की आपल्या अरबी समुद्राला केमिस्ट्रीवालेच जास्त लागतात.

का ते सांगते. अरबी समुद्रात साधारण 150 ते 1000 मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो, मग तिथले बॅक्टेरिया ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरायला लागतात, त्याचा शेवटी नायट्रोजन वायू होतो म्हणजे प्लँक्टनचं (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचं) खत कमी झालं, आणि अधेमधे नायट्रस ऑक्साइडही तयार होतो जो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापवतो. क्लायमेटवाले इथे येतात ते यासाठी. किनाऱ्याजवळ पावसाळ्यात हेच कमी ऑक्सिजनचं पाणी खालून वर चढतं, त्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचा थर झाकणासारखा बसतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्यासमोर तळाच्या पाण्याला सडक्या अंड्याचा वासही येऊ शकतो. गोव्यातल्या दोना पावलाच्या एनआयओचे (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे) लोक कांदोळीसमोर 1997 पासून हे मोजतायत.

आता प्रत्यक्ष काम. डॉल्फिन वगैरे दिसतात हो, पण तुमचा वेळ जातो बाटल्यांत. सीटीडी रोझेट, म्हणजे खारटपणा-तापमान-खोली मोजणारं आणि वेगवेगळ्या खोलीचं पाणी बाटल्यांत भरून आणणारं यंत्र, वर आलं की सगळ्यात आधी ऑक्सिजनचं सॅम्पल, कारण हवेतला ऑक्सिजन घुसला की संपलं, नायट्रेट-फॉस्फेट नंतर, सॅलिनिटी शेवटी. नळी बाटलीच्या तळापर्यंत घालायची, पाणी वाहू द्यायचं, एकही बुडबुडा नको. मग विंकलर, पाण्यातला ऑक्सिजन मोजायची 1888 ची पद्धत, अजूनही तीच! मँगनीज आणि अल्कलाइन आयोडाइड टाकलं की वरच्या पाण्यात तपकिरी साका येतो, आणि 150 ते 1000 मीटरच्या त्या बिनऑक्सिजनच्या पाण्याच्या बाटलीत तो पांढराच राहतो. पुस्तकात वाचलेला ऑक्सिजन मिनिमम झोन, म्हणजे तोच ऑक्सिजन संपलेला थर, असा हातात धरून बघायला मिळतो, मला तरी याचा कंटाळा येत नाही. ब्लँक आणि स्टँडर्ड (मोजणी बरोबर आहे ना हे तपासायची सॅम्पल्स) मात्र रात्री 3 वाजताही नीट घ्यायचे, नाहीतर पुढचे सगळे आकडे फुकट.

बोट लागते, बहुतेकांना लागते, त्याची लाज बाळगू नका. गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्या, उलटी सुरू झाल्यावर घेऊन काय उपयोग.

एन्ट्रीचा सरळ रस्ता म्हणजे सीएसआयआर-नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची फेलोशिप, केमिकल सायन्सेसच्या पेपरवर चालतं, अर्थ सायन्सेसच्या पेपरात तर ओशनोग्राफीही असते. नेट नसेल तर प्रोजेक्टच्या जागा निघतात, पगार कमी आणि मुदतीच्या, पण जहाजावर जायचा चान्स तिथूनही मिळतो. गाईड निवडताना नाव बघू नका, त्यांच्या सीनियर मुलांना गाठून विचारा की क्रूझ (रिसर्चच्या जहाजफेऱ्या) किती मिळतात आणि रिसर्च पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागतं. हे कुणी आपणहून सांगत नाही.

आणि कोडिंग टाळू नका प्लीज. अर्गो फ्लोटचा, म्हणजे समुद्रात आपोआप खालीवर जाऊन मोजणाऱ्या तरंगत्या यंत्रांचा, डेटा फुकट आहे, काही फ्लोटवर ऑक्सिजनचे सेन्सरही असतात. अरबी समुद्रातला एखादा फ्लोट घ्या, पायथन किंवा ओशन डेटा व्ह्यू या सॉफ्टवेअरमध्ये खोलीप्रमाणे ऑक्सिजन प्लॉट करा आणि तो ग्राफ घेऊन इंटरव्ह्यूला जा, पहिला प्रश्न बहुतेक त्यावरच येईल.