कांट घेताना आधी पानाचा समास बघा

तत्त्वज्ञानाच्या एम.ए.च्या पहिल्या वर्षी माझ्या कपाटात कांट, नीत्शे, हायडेगर, लेव्हिनास सगळे होते आणि वाचून झालेला एकही नव्हता. आई विचारायची, "हे सगळं परीक्षेला आहे का रे?" नव्हतं.

जमवायला हरकत नाही. तो नाद सुटतही नाही. पण माझ्यासारखं स्वस्ताईला भुलू नका. कांटच्या 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन'ची मी घेतलेली प्रत म्हणजे माइकलजॉन यांचं १८५५चं भाषांतर, नुसतं पुन्हा छापलेलं. गंगापूर रोडच्या खोलीत चार महिने बसून दोन वह्या भरल्या, प्रत्येक टिपणापुढे पान नंबर. मग वर्गात मॅडम म्हणाल्या, "ए ५१, बी ७५ काढा." सगळ्यांनी काढलं. मी आपलं पान ५१ काढून बसलो.

आता नीट ऐका. पहिली आवृत्ती १७८१ची, ती ए. दुसरी १७८७ची, ती बी. तिच्यात कांटने काही भाग चक्क नव्याने लिहिले. संदर्भ देतात तो या मूळ जर्मन पानांचा, आणि चांगल्या भाषांतरात ते आकडे समासात असतात. केम्प स्मिथ (१९२९) घ्या की गायर-वूड (१९९८), ए ५१ला "आशयाविना विचार पोकळ" हेच वाक्य सापडणार. माझ्या प्रतीत आकडेच नव्हते, त्यामुळे दोन्ही वह्या कुणाशी बोलायच्या कामाच्या राहिल्या नाहीत. हायडेगरच्या १९२७च्या 'बीइंग अँड टाइम'चंही तेच: मॅक्वारी-रॉबिन्सन (१९६२) किंवा स्टॅम्बो (१९९६), दोन्हींत जर्मन पानं समासात आहेत. दुकानात उभ्या उभ्याच मधलं पान उघडा. समास कोरा? ठेवून द्या.

नीतिशास्त्राला कांटच्या १७८५च्या 'ग्राउंडवर्क'पासून लागा. बारीक पुस्तक आहे, पण बारीक म्हणजे सोपं नव्हे. एक सीनियर मला म्हणाला होता, "थेट लेव्हिनास घे, बाकीचं आपोआप कळेल." आपोआप काही कळत नाही! त्याचं १९६१चं 'टोटॅलिटी अँड इन्फिनिटी' हुसर्ल-हायडेगर या आधीच्या तत्त्वज्ञांशी भांडतं. भांडण कशावरून आहे ते आधी माहीत हवं. यूट्यूबवरचे सारांश सिटी बसमध्ये ऐकायला ठीक.

संध्याकाळभरात तीनच पानं झाली तर घाबरू नका. माझीही तेवढीच होतात.

ती जुनी प्रत मी टाकली नाही. मित्राच्या प्रतीवरून पेन्सिलीने तिच्या समासात आकडे घालतोय. फक्त बीचे, कारण ते भाषांतर दुसऱ्या आवृत्तीवरून आहे. १६९पर्यंत आलोय.