शिंगरावर खोगीर कधी चढवावं?

अकलूजच्या घोडेबाजारात दोन वर्षांचं शिंगरू उंचीला पुरं दिसतं, म्हणून लगेच बसायची घाई होते. आधी ओठ उचलून दात बघा (विकणाऱ्याने सांगितलेल्या वयावर जाऊ नका). समोरचे मधले दुधाचे दात साधारण अडीच वर्षांनी बदलतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला. ही दुसरी जोडी बदलेपर्यंत पाठीवर माणूस नको. लांब दोरीवर चालवा, रिकाम्या खोगिराची सवय लावा, तेही सोलापूरच्या उन्हाळ्यात भल्या सकाळीच. गुडघ्याची हाडं लवकर जुळतात, पण मणके पक्के व्हायला पाच-सहा वर्षं लागतात. त्यामुळे चौथ्या वर्षी बसलात तरी दहा-पंधरा मिनिटं, साधी चाल, आणि स्वार-खोगीर मिळून वजन घोड्याच्या पाचव्या हिश्शाच्या आत.