हॉलमधल्या सर्व्हरला डिस्क कुठली घ्यावी

आमचा सर्व्हर, म्हणजे घरचे सिनेमे आणि व्हिडिओ साठवून दाखवणारा कायम चालू कॉम्प्युटर, चपलांच्या कपाटावर बसतो. परळच्या वन-बीएचकेत त्याला दुसरी जागा नाही, आणि त्याच हॉलमध्ये रात्री सासूबाईंची गादी पडते. पहिली डिस्क मी हौसेने ७२०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७२०० फेरे मारणारी, आणली. रात्री अडीचला कसलंसं स्कॅनिंग सुरू झालं आणि सासूबाई उठून बसल्या. "अगं, कपाटात उंदीर शिरलाय बघ."

तर आधी आवाज बघा. ५४०० आरपीएमची डिस्क घरच्या कामाला भरपूर होते. फोर-के ब्लू-रेचा बिटरेट (सेकंदाला लागणारा डेटा) अगदी चढला तरी दीडशे मेगाबिटच्या आत, म्हणजे वीस मेगाबाइटच्याही आत. साधी ३.५ इंची हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या वर सहज जाते. सिनेमे एसएसडीत, म्हणजे न फिरणाऱ्या महागड्या चिपवाल्या डिस्कमध्ये, भरणं ही निव्वळ उधळपट्टी. २५० जीबीची एक एसएसडी घ्या, पण ती ऑपरेटिंग सिस्टीम आणि जेलिफिनच्या (सिनेमे टीव्ही-मोबाइलवर दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) डेटाबेससाठी.

आता खरी मेख. डिस्कवर लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत, सीएमआर आणि एसएमआर; आपली कुठली, हे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. सीएमआरमध्ये ट्रॅक, म्हणजे डेटा लिहायच्या गोल रेघा, शेजारी-शेजारी असतात; एसएमआरमध्ये त्या मंगलोरी कौलांसारख्या एकावर एक चढवलेल्या असतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, तसंच इथे थोडं बदलायला पुढचं बरंच पुन्हा लिहावं लागतं. नुसते सिनेमे वाचायला त्याने काही बिघडत नाही. पण RAID मधली, म्हणजे एकत्र जोडून चालवलेल्या डिस्कमधली, एक गेली आणि नवी भरायची वेळ आली की एसएमआर रडकुंडीला आणते. २०२० साली वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या २ ते ६ टीबीच्या काही 'रेड' (Red) नावाच्या डिस्क एसएमआर असल्याचं बाहेर आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! आता 'रेड प्लस' सीएमआर आहे, सीगेटची आयर्नवुल्फही. तरी मॉडेल नंबर कंपनीच्या यादीत ताडून बघाच. बाहेरून यूएसबीला लावायच्या छोट्या २.५ इंची पोर्टेबल डिस्क बहुतेक एसएमआर असतात.

८ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ७.२७ दिसते. दुकानदाराशी भांडू नका, तो मोजण्यातला फरक आहे.

भांडायचं तर दुसऱ्या कारणासाठी. लॅमिंग्टन रोडवर एका दुकानातून 'सीलपॅक' म्हणून घेतलेली डिस्क घरी लावली, डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं, तर चालू राहिल्याचे तास एकवीस हजार. म्हणजे जवळपास अडीच वर्षं कुणाकडे तरी राबून आलेली! पक्कं बिल होतं म्हणून परत झाली. बिल घ्या, पैसे देण्याआधी सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी बघा, आणि घरी आल्यावर तास आणि 'रिअॅलोकेटेड सेक्टर' (खराब झाल्यामुळे बदललेले भाग) दोन्ही तपासा. दुसरा आकडा नव्या डिस्कवर शून्यच हवा.

मे महिन्यात माझी डिस्क ५० अंशांवर गेली होती. मागे हळू फिरणारा १२० मिमीचा पंखा लावला, ४१ वर आली.

आणि एकच मोठी घेण्यापेक्षा मध्यम दोन घ्या. पण मिरर RAID वर, म्हणजे दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिणाऱ्या जोडीवर, विसंबू नका, कारण मुलाने एका डिस्कवरून फोल्डर उडवलं की ते दुसरीवरूनही त्याच क्षणी उडतं. आमचं उडालं, सासऱ्यांच्या साठीच्या व्हिडिओंसकट. ते परत मिळाले, कारण दुसरी डिस्क डोंबिवलीला बहिणीच्या कपाटात, साड्यांच्या घड्यांत असते. गणपतीला आणि होळीला बहीण डिस्क पिशवीत घालून आणते, रात्रभर कॉपी लावतो, आणि सकाळी डिस्क डब्याबरोबर परत जाते.