पासथ्रू दुसऱ्या स्टार्टला कळतं: रिसेटच्या या चुका टाळा

आमच्याकडे पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, हे इथल्या कुणाला वेगळं सांगायला नको. घरच्या प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारी प्रणाली) सर्व्हरवर मी एका विंडोज व्हीएमला, म्हणजे आभासी मशीनला, जुनं ग्राफिक्स कार्ड थेट दिलं होतं. यालाच पासथ्रू म्हणतात. बुधवारी रात्री ती व्हीएम बंद करून परत चालू केली, तर स्क्रीन काळी. एक वाजेपर्यंत सेटिंग्ज उलटसुलट करत बसलो. काही हललं नाही. गुरुवारी सकाळी वीज गेली, थोड्या वेळात यूपीएसनेही मान टाकली. दुपारी वीज आल्यावर सर्व्हर उठला आणि व्हीएम झक्कास चालू! रात्री शेवटी जो पर्याय बदलला होता त्यानेच काम केलं असं समजून तो वहीत लाल शाईने लिहून ठेवला. रविवारी व्हीएम बंद करून चालू केली, पुन्हा काळोख.

त्या पर्यायाचा काडीचाही संबंध नव्हता. कार्ड शुद्धीवर आलं होतं ते वीज गेल्यामुळे.

पहिल्या स्टार्टवर विश्वास ठेवू नका

पासथ्रू करणाऱ्या बहुतेकांची हीच पहिली चूक. मशीन चालू होतं तेव्हा कार्ड कोरं असतं. पहिल्या व्हीएमला ते तसंच मिळतं. मग गेस्टमधला (व्हीएमच्या आतल्या विंडोजमधला) ड्रायव्हर त्यात फर्मवेअर भरतो, रजिस्टरं लिहितो, कार्डाची मेमरी मांडतो. व्हीएम बंद झाली की क्यूईएमयूची (व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामची) प्रोसेस संपते. कार्ड मात्र स्लॉटमध्ये, चालू विजेवर, अर्धवट मांडलेल्या संसारासह तसंच बसलेलं असतं. त्याला पुन्हा कोरं करायचं काम होस्टचं (खऱ्या मशीनवरच्या लिनक्सचं), आणि त्यालाच रिसेट म्हणायचं. साध्या पीसीवर ही वेळ येत नाही, कारण पीसी बंद केला की कार्डाची वीजही जाते. त्यामुळे एखाद्या कार्डाची रिसेटची वाट कच्ची असली तरी साध्या वापरात ती कुणाला दिसतच नाही.

म्हणून चाचणी अशी करा: होस्टला हात न लावता व्हीएम पाच वेळा बंद-चालू करा. एकदा गेस्टच्या आतून रीस्टार्ट द्या, एकदा जबरदस्तीने थांबवून पाहा. आतून दिलेल्या रीस्टार्टमध्ये क्यूईएमयूची प्रोसेस तीच राहते. प्रॉक्समॉक्सच्या रीबूट बटणाने मात्र व्हीएम बंद होऊन नव्याने उभी राहते. एकात पास झालेलं कार्ड दुसऱ्यात नापास होऊ शकतं. सेटिंग बदललंत तर निकाल दुसऱ्या स्टार्टनंतरच वहीत लिहा, माझ्यासारखा आधी नको.

रिसेट कोणत्या प्रकारचा, हे न बघता पुढे जाऊ नका

‘रिसेट होत नाही’ एवढ्या तक्रारीवरून कुणालाच काही सांगता येत नाही. लिनक्सकडे रिसेटच्या अनेक वाटा आहेत आणि तो त्या ठरलेल्या क्रमाने चाचपतो. सगळ्यात सोयीची एफएलआर (फंक्शन लेव्हल रिसेट): एका उपकरणातलं एकच फंक्शन (स्वतंत्र भाग) कोरं होतं, शेजाऱ्याला धक्का लागत नाही. पीसीआय एक्स्प्रेसच्या (मदरबोर्डला कार्डं जोडण्याच्या मानकाच्या) नियमानुसार हे १०० मिलिसेकंदांत उरकलं पाहिजे. ती नसेल तर पॉवर मॅनेजमेंटची वाट: उपकरणाला डी३ अवस्थेत झोपवायचं आणि डी० मध्ये उठवायचं. तीही नसेल तर बस रिसेट, म्हणजे वरच्या ब्रिजवरून (उपकरणं ज्याच्याखाली जोडलेली असतात तो दुवा) खालच्या सगळ्यांच्या डोक्यावर एकदम बादलीभर पाणी.

एलएसपीसीआय ही पीसीआय उपकरणांची यादी दाखवणारी कमांड दोन व्ही लावून (lspci -vv), रूट म्हणून चालवा. ‘एफएलरिसेट’ या शब्दापुढे अधिक चिन्ह असेल तर उपकरण एफएलआरचा दावा करतंय. त्याच यादीत ‘नोसॉफ्टरिसेट’ (NoSoftRst) दिसेल, आणि इथे भलेभले फसतात. नावातच नकार असल्यामुळे वजा चिन्ह आपल्या फायद्याचं: वजा म्हणजे झोपेतून उठताना उपकरण कोरं होतं, अधिक म्हणजे जुन्या आठवणींसकट उठतं. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, त्याच्या ५.१५ आवृत्तीपासून रिसेट होऊ शकणाऱ्या प्रत्येक उपकरणाच्या सिसएफएस (उपकरणांची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारी जागा) फोल्डरमध्ये ‘रिसेट मेथड’ नावाची फाइल असते. कोणत्या वाटा उपलब्ध आहेत आणि कोणत्या क्रमाने, ते तिथे वाचता येतं. हवा तो प्रकार लिहून क्रम बदलताही येतो.

आता दावा आणि वस्तुस्थिती एक असेलच असं नाही. रायझन ३००० पिढीच्या प्रोसेसरमधले ऑडिओ आणि यूएसबी कंट्रोलर एफएलआर येतं म्हणून सांगतात, पण ते देऊ केलं की गप्प होतात. शेवटी कर्नलमध्येच ‘यांना एफएलआर देऊ नका’ अशी नोंद घालावी लागली. सॅमसंगच्या एसएम९६१ आणि पीएम९६१ या एनव्हीएमई (पीसीआय एक्स्प्रेसवर थेट बसणाऱ्या वेगवान) डिस्कना एफएलआरच्या आधी कंट्रोलर रीतसर बंद करून घ्यावा लागतो, त्याचीही सोय कर्नलमध्ये आहे. जुन्या कर्नलवर अडून बसलेल्यांनी बाकी प्रयोग करण्याआधी कर्नल बदलून पाहावा.

कार्डाची भावंडं वेगळी करू नका

ग्राफिक्स कार्ड आपल्याला एक वाटतं, पण पीसीआयच्या हिशेबात ते कुटुंब असतं. शून्य नंबरवर चित्र, एकवर एचडीएमआयचा आवाज. एनव्हिडियाच्या आरटीएक्स २० मालिकेतल्या बऱ्याच कार्डांवर दोन आणि तीन नंबरला यूएसबी-सीची आणखी दोन फंक्शनं. नुसतं चित्र व्हीएमला दिलं आणि आवाज होस्टकडे ठेवला, तर बस रिसेट करायला व्हीएफआयओ (उपकरण व्हीएमच्या हवाली करणारा लिनक्सचा भाग) नकार देतो. बरोबरच आहे, दुसऱ्याच्या ताब्यातलं उपकरण परस्पर कसं पाडायचं? लॉगमध्ये अमुक ग्रुप (एकत्रच द्यायच्या उपकरणांचा गट) तुमच्या मालकीचा नाही अशा अर्थाची ओळ येते. प्रॉक्समॉक्समध्ये ‘ऑल फंक्शन्स’वर खूण केली की हा प्रश्न मिटतो.

एसीएस ओव्हरराइड पॅच लावणारे इथेच गोत्यात येतात. तो पॅच हेच ग्रुप (आयओएमएमयू ग्रुप) कागदावर तोडतो. वाटणीपत्र झालं तरी विहीर एकच राहावी तसं. ब्रिज एकच असेल तर त्याखालचं एक उपकरण एका व्हीएमला आणि दुसरं दुसरीला दिल्यावर बस रिसेट कुणालाच मिळत नाही. त्यातल्या एकाकडे एफएलआर आणि पॉवर मॅनेजमेंटची वाट दोन्ही नसतील तर त्याला रिसेटची वाटच उरली नाही.

एएमडीच्या जुन्या कार्डांना सरसकट एकच औषध नको

पोलारिस, व्हेगा आणि पहिल्या ‘नावी’ (Navi) पिढीतली बरीच कार्डं (आरएक्स ५८०, व्हेगा ५६, आरएक्स ५७००) बस रिसेटनेही नीट कोरी होत नाहीत. त्यांच्यासाठी ‘व्हेंडर-रिसेट’ नावाचं कर्नल मॉड्यूल आहे. लोक ते बसवतात आणि तिथेच थांबतात. ५.१५ आणि पुढच्या कर्नलवर मघाच्या ‘रिसेट मेथड’ फाइलमध्ये ‘डिव्हाइस स्पेसिफिक’ असं लिहिल्याशिवाय ते मॉड्यूल कामाला लागत नाही. हे लिहिलेलं बूट झाल्यावर पुसलं जातं, म्हणून यूडेव्हच्या (उपकरण सापडल्यावर आपोआप चालणाऱ्या) नियमात किंवा सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये टाका. कर्नल अपडेट केला की डीकेएमएसने (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बांधणाऱ्या साधनाने) मॉड्यूल खरंच बांधलं का, तेही बघा. आरएक्स ६००० मालिकेसाठी हे मॉड्यूल नाहीच, तिथे बसवून उपयोग नाही.

बूट होताना होस्टच्या ड्रायव्हरने कार्ड आधी हाताळलं तरी व्हीएमला ते उष्टंच मिळतं. व्हीएफआयओचा ड्रायव्हर आधी चिकटेल अशी व्यवस्था मॉडप्रोबमध्ये (ड्रायव्हर लोड करण्याच्या सेटिंग्जमध्ये) करा आणि इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल) नव्याने बांधायला विसरू नका.

लॉग ओरडत असताना स्टार्ट बटण बडवू नका

‘अननोन पीसीआय हेडर टाइप १२७’ ही ओळ दिसली की लोक हेडरच्या मागे लागतात. १२७ हा काही खरा प्रकार नव्हे. उपकरण उत्तरच देत नसलं की वाचताना सगळे बिट १ येतात, आणि हेडर प्रकाराचे सात बिट १ असले की १२७ होतात. थोडक्यात, पलीकडे कुणी नाही. ‘डी३ मध्ये अडकलंय’ अशा अर्थाच्या ओळीचंही बहुधा हेच दुखणं. या अवस्थेत दहादा स्टार्ट दाबल्याने काही होत नाही, झालाच तर होस्ट लटकतो.

सिसएफएसमधून उपकरण काढून टाकून बसचा फेरशोध घेणं हा पहिला उपाय. तो कधी चालतो, कधी नाही. त्याने भागलं नाही तर होस्टला काही सेकंद सस्पेंड करून उठवा. त्यात स्लॉटची वीज जाते, म्हणजे माझ्या गुरुवारचीच छोटी आवृत्ती. आधी बाकीच्या व्हीएम बंद करा. कार्ड वापरात नसताना झोपून उठतच नसेल, तर व्हीएफआयओचा ‘डिसेबल आयडल डी३’ पर्याय १ करून पाहा. वीज थोडी जास्त खाईल.

आणि व्हीएम शक्यतो आतूनच शटडाउन करा. ड्रायव्हरला आवराआवर करायला वेळ मिळाला तर नाठाळ कार्डंही अनेकदा पुढच्या वेळी नीट वागतात. पासथ्रू केलेल्या एनव्हीएमई डिस्कच्या बाबतीत तर प्रश्न डेटाचा आहे.

उपकरण काढून फेरशोध घेणारी स्क्रिप्ट लिहिलीत, तर त्यात पीसीआय पत्ता थेट लिहू नका. मशीनमध्ये नवी डिस्क लावली की पत्ते सरकतात. काल ०३ वर असलेलं ग्राफिक्स कार्ड आज ०४ वर जातं आणि ०३ वर येतो डिस्कचा कंट्रोलर. स्क्रिप्टमध्ये आधी व्हेंडर आणि डिव्हाइस आयडी जुळतो का ते तपासा, न जुळल्यास तिथेच थांबवा. माझी ही स्क्रिप्ट तपासणीशिवाय एकदाच चालली. त्यानंतर बॅकअपमधून डिस्क परत भरायला अख्खा शनिवार गेला.